लोखंडाचं पिंप

भंगाराच्या यार्डात तिला सगळे चुंबकबाई म्हणायचे. सव्वीस वर्षं ती तिथल्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिली आणि समोरून येणारा धातूचा कचरा हातानं निवडत राहिली. तांबं पुढच्या पेटीत, पितळ शेजारच्या, ॲल्युमिनियम मागच्या पोत्यात, शिसं पायाशी, लोखंड डावीकडे. गळ्यात दोरीला बिस्किटाएवढा चुंबक. आधी चुंबक, मग डोळे. चुंबकाला चिकटलं की विषय संपला. ते काय आहे, कुणाचं होतं, हे बघत बसायचं नाही. नव्या बायकांना ती पहिल्या दिवशी एवढंच शिकवायची, "लोखंडाकडे दोनदा बघू नका. दोनदा बघितलं की पट्टा पुढे जातो."

पट्टा सुटून आता चार वर्षं झाली होती. चुंबक गळ्यातच राहिला.

रविवारी सकाळी खाडीला ओहोटी लागली की धातू शोधणारी यंत्रं घेऊन पाचसहा जण वाळूत उतरायचे, आणि ऊन चढलं की सापडलेलं सगळं रुमालात बांधून तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायचे. तिथे तिचं टेबल होतं. टेबलावर जस्ताचा पत्रा ठोकलेला, त्यावर कानस, भिंग, दात घासायचा जुना ब्रश, छोटी हातोडी आणि व्हिनेगरची वाटी. शेजारी एक रिकामी बादली. ज्याला त्याला आपल्या हातात खजिनाच लागला आहे असं वाटायचं, आणि ती त्यांना काय लागलं आहे ते सांगायची.

त्या रविवारी सगळ्यात आधी निवृत्त पोस्टमन आला. त्यानं रुमाल सोडला आणि हिरवी पडलेली एक चकती तिच्यासमोर ठेवली.

"बाई, आज राजघराण्याचा ऐवज आहे. नीट बघा."

तिनं चुंबक लावला. चिकटली नाही. चकती उलटी करून तिनं मागचा छोटा उंचवटा नखानं चाचपला.

"राजाची पँट सैल होती का हो?"

"का?"

"बटण आहे. पितळेचं. दोरा ओवायची कडी मोडलीय."

पोस्टमन हसला आणि दुसरी वस्तू पुढे केली. काळा पडलेला चमचा. तिनं तो पत्र्यावर हलकेच आपटला, कान जवळ नेला. "चांदी वाजली की आवाज लांबतो. हा बघा, लगेच गप्प झाला. वरचा मुलामा आहे नुसता."

"तुम्ही माणसाचा आनंद टिकू देत नाही."

"टिकणारा असेल तर मी कुठे हात लावते?"

तिच्याही कोपऱ्यात एक यंत्र उभं होतं. पण ती खजिना शोधत नव्हती, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

नऊ वर्षांपूर्वी, एका संध्याकाळी, पलीकडच्या काठावरून निघालेली साडेपाचची लाँच अलीकडच्या धक्क्याजवळ कलंडली. लाँचवर किती माणसं होती याची यादी नव्हती. बरीच पोहून आली, काही सापडली, काही सापडली नाहीत. तिचा नवरा पलीकडच्या कारखान्यात कामाला होता आणि रोज लाँचनं घरी यायचा. त्या दिवशी तो आला नाही. त्याला लाँचवर चढताना पाहिलेलं कुणी भेटलं नाही. पंधरा दिवसांनी मात्र कुणीतरी म्हणालं की त्या संध्याकाळी तो पलीकडच्या बसस्टँडवर दिसला होता, हाताला फडकं गुंडाळलेलं, घाईत होता. मग त्या फडक्याची पिशवी झाली, पिशवीची बॅग झाली, आणि बॅगेशेजारी एक बाई उभी राहिली. लोकांना अर्धवट गोष्ट सोसत नाही.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिनं ती गोष्ट कॉलेजच्या फाटकात ऐकली. घरी येऊन दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा गेले नाहीत आई. निघून गेले." त्यानंतर तिनं वडिलांचं नाव घेतलं नाही. फोटोही तिनंच उतरवला. भिंतीवरच्या खिळ्याला पुढे दिनदर्शिका लागली.

चुंबकबाईनं वाद घातला नाही. तिला फक्त अंगठी हवी होती. सोन्याची, आत दोन अक्षरं कोरलेली, एक तिचं, एक त्याचं. ती खाडीत सापडली तर माणूस खाडीत आहे. नाही सापडली तर... तिथे ती थांबायची. पहिली पाच वर्षं तिच्याकडे स्वस्तातलं यंत्र होतं. ते खिळ्यालाही ओरडायचं आणि सोन्यालाही. ती प्रत्येक आवाजाला खणायची. वर काढलेलं लोखंड वाळूत परत टाकायचं नाही, मुलं अनवाणी खेळतात, असा त्या सगळ्यांचा नियम होता. म्हणून खिळे, बोल्ट, साखळ्या, गंजाची ढेकळं ती घरी आणायची आणि चुंबकाला चिकटलेलं सगळं जिन्याखालच्या पिंपात टाकायची. सहाव्या वर्षी पोस्टमननं आपलं जुनं यंत्र तिला दिलं. त्यात लोखंडाचा आवाज बंद करता यायचा. तिनं तो बंद केला. तेव्हापासून पिंप वाढलं नाही.

आता मुलीला सातवा महिना होता आणि बाळंतपणाला ती इथेच आली होती. जिन्याखाली बाबागाडी ठेवायला जागा हवी होती. जावयानं आदल्या दिवशी विचारलं, "आई, ते लोखंडाचं पिंप काढलं तर चालेल ना?" ती भांडी घासत होती. "न्या की," ती म्हणाली. मागे वळूनही बघितलं नाही.

पोस्टमन आपलं बटण खिशात टाकून उठला, तेवढ्यात शेडच्या दारात फिटर दिसला.

तो नवऱ्याच्या शेजारच्या मशीनवर काम करायचा. पूर्वी महिन्यातून एकदा तरी जेवायला असायचा. लाँच बुडाल्यानंतर आठ दिवस तो त्यांच्याबरोबर काठाकाठानं फिरला आणि मग येईनासा झाला. नऊ वर्षांत पार वाळून गेला होता. दारातच उभं राहून त्यानं खिशातून चपटी तंबाखूची डबी काढली.

"वहिनी, कारखाना पाडतायत. लॉकर उचकटले. त्याच्या लॉकरच्या मागे, पत्र्याच्या फटीत ही होती."

त्यानं डबी जस्ताच्या पत्र्यावर ठेवली आणि हात मागे घेतला, जणू डबी तापलेली असावी. मुलगी चहाचा कप घेऊन मागच्या दारात आली होती. तिनं कप तसाच धरून ठेवला.

चुंबकबाईनं डबी उघडली. आत कापसात सोन्याची अंगठी होती.

अक्षरं बघायला तिला भिंग लागलं नाही. तिचं बोट नऊ वर्षं त्या अक्षरांवरून फिरत आलं होतं, वाळूत, चिखलात, झोपेत. अंगठी इथे होती. तंबाखूच्या डबीत, कोरडी.

"झालं समाधान?" मुलगी म्हणाली. आवाज वर गेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "काढून ठेवून गेले. नीट कापसात गुंडाळून. नऊ वर्षं तू चिखल उपसत होतीस, आणि ते अंगठी काढून, डबी बंद करून गेले."

"अगं पोरी, तसं..." फिटर बोलायला लागला.

"काका, तुम्ही बसा. तुमचा काय दोष?"

फिटर बसला नाही.

पोस्टमन जागचा हलला नव्हता. चुंबकबाईनं अंगठी बोटांच्या चिमटीत धरली आणि उजेडाकडे वळवली. हात सवयीनं काम करत होते. हातांना दुःख कळायला वेळ लागतो. अंगठी गोल नव्हती. एका बाजूनं दबून लांबट झाली होती. आणि खालून कापलेली होती. तिनं भिंग घेतलं.

शेजारच्या घरात कुणीतरी बादली भरत होतं, तेवढा आवाज.

"ही काढून ठेवलेली नाही," ती म्हणाली.

"आई, पुरे."

"इकडे ये. बघ. करवतीची धार बाहेरून आत आलीय. आणि आतल्या बाजूला हा ओरखडा बघ, आडवा. खाली पत्र्याची पट्टी सरकवली होती, कातडी वाचवायला. रिकामी अंगठी कापताना पट्टी कोण घालतं? ही कापली तेव्हा बोट आत होतं." तिनं भिंग खाली ठेवलं आणि फिटरकडे बघितलं. "चेपली कशानं, भाऊजी?"

फिटरनं टेबलाची कड धरली.

"प्रेसनं," तो म्हणाला. "पेडल मी दाबलं. त्याचा हात आत होता, मी बघितलं नाही. तो ओरडलासुद्धा नाही, वहिनी. म्हणाला, ऑफिसात सांगू नको, तुझी नोकरी जाईल, दार लागलं म्हणू. बोट सुजायला लागलं होतं. अंगठी मीच कापली. फडकं बांधलं. डबीही माझीच."

"तो फडकं बांधलेला हात," पोस्टमन हळूच म्हणाला.

"हो. तेच ते फडकं. मला तेव्हाच बोलता आलं असतं." त्यानं टेबलाची कड सोडली. "तो पाचच्या लाँचनं जाणार होता. पण कापलेली अंगठी घेऊन घरी कसा जाऊ म्हणून बसून राहिला. म्हणाला, ती लगेच ओळखेल, तिच्या नजरेतून टाचणी सुटत नाही. मी म्हटलं, थांब, तुला नवी करून देतो. बेअरिंगचं आतलं कडं घेतलं, वीस मिलीमीटरचं. ग्राइंडरवर पातळ केलं, आणि बाहेरच्या खोबणीत तांब्याची तार ठोकून बसवली. चांगली दिसायला लागली. त्यानं उजव्या हातात घातली. हसत होता. म्हणाला, बायकोला सांगतो, बढती मिळाली. त्या अंगठीपायी पाचची लाँच चुकली, वहिनी. मी त्याला अर्धा तास थांबवून घेतलं. फाटकापर्यंत सोडलं आणि म्हटलं, पळ, साडेपाचची मिळेल."

चुंबकबाईला तो आवाज ऐकू आला, बढती मिळाली म्हणणारा. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो आवाज जसा होता तसा आला, खालच्या पट्टीत, थट्टा लपवत.

मुलगी भिंतीला टेकली. "फाटकातून धक्क्यावरही जाता येतं आणि बसस्टँडवरही," ती म्हणाली. पण आता त्या वाक्यात पूर्वीचा जोर नव्हता. ती विचारत होती.

"कडं कशाचं?" चुंबकबाईनं विचारलं.

"काय?"

"बेअरिंग कशाचं होतं, भाऊजी? पितळी की पोलादी?"

"पोलादी."

"चुंबकाला चिकटणारं."

"चिकटणारच."

तिनं गळ्यातला चुंबक मुठीत धरला. मग ती उठली, मुलीच्या शेजारून घरात गेली, आणि जिन्यापाशी थांबली. जिन्याखाली फरशीवर गंजाचं एक गोल वर्तुळ होतं. वर्तुळाच्या आत नवी कोरी बाबागाडी उभी होती.

जावई हात पुसत स्वयंपाकघरातून आला. "सकाळीच नेलं आई. तुम्ही शेडमध्ये होतात. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

"कुठे नेलं?"

"तुमच्याच जुन्या यार्डात. काय झालं?"

तिनं चपला घातल्या. एक उलटी, ती रस्त्यात सरळ केली.

यार्ड दहा मिनिटांवर होतं. जावयानं गाडी काढली, मुलगी पुढे बसली, फिटर आणि चुंबकबाई मागे. वाटेत तिनं मनातल्या मनात हिशेब लावला नाही, आशाही धरली नाही. ती फक्त पिंप आठवत होती. पाच वर्षांचं लोखंड. तळाला काय, मध्ये काय, वर काय. तिला काहीच आठवेना. चारशे वर्षांपूर्वीचं बटणही कुठलं ते ती सांगू शकत होती. आपण रोज काय फेकलं ते तिला सांगता येत नव्हतं. कधी दोनदा बघितलंच नव्हतं.

फाटकाशी मुकादम होता, तिच्याच हाताखाली तयार झालेला. "चुंबकबाई! रविवारची हजेरी लावायला आलात का?" तिचा चेहरा बघून तो उठून उभा राहिला.

"सकाळी जावयानं पिंप आणलं. कुठाय?"

"तुमचं होतं ते? मागे ओतलं. आता भट्टीच्या ट्रकमध्ये भरतायत..." त्यानं बोट दाखवलं आणि ती त्या बोटाआधी निघाली.

मागच्या अंगणात क्रेन चालू होती. क्रेनच्या टोकाला विजेचा मोठा चुंबक, तव्यासारखा काळा, आणि त्याला खालून लोंबकळत असलेलं लोखंड. तिनं ते ओळखलं. धक्क्याच्या साखळीचा तो तुकडा तिनं दोन दिवस खणून काढला होता. खिळे, बोल्ट, ढेकळं, एकमेकांना धरून लटकलेली. तिची पाच वर्षं हवेत टांगलेली होती आणि हळूहळू ट्रककडे वळत होती. ट्रकमध्ये आधीच अर्धं यार्ड भरलेलं. त्यात एकदा पडलं की संपलं.

ती ट्रक आणि चुंबकाच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"ओ बाई, बाजूला!" केबिनमधला क्रेनवाला ओरडला. "वीज गेली तर डोक्यात पडेल!"

"मग जाऊ देऊ नकोस," ती वर बघत म्हणाली. "मागे घे. तिकडे, मोकळ्या जागेत खाली आण. जमिनीला टेकल्यावर सोड. वरून सोडलंस तर उडेल."

मुकादमानं हात केला. क्रेन थांबली. लोखंड जागच्या जागी डोललं, त्यातून एक बोल्ट सुटून तिच्या पायाशी पडला. ती हलली नाही. मग चुंबक उलटा वळला, एक एक हात खाली येत गेला, आणि सिमेंटवर टेकल्यावर वीज बंद झाली. सगळं लोखंड एकदम सुस्कारा टाकल्यासारखं पसरलं.

ती खाली बसली. येताना हातोडी कधी उचलली ते तिला कळलं नव्हतं.

पंधरा मिनिटांत तिनं साखळ्या, खिळे, सळया, जे उघड होतं ते बाजूला केलं. राहिली ती ढेकळं. लोखंड खाऱ्या चिखलात पडून राहिलं की गंज, वाळू आणि शिंपले त्याच्याभोवती धरतात. आतलं काय आहे ते बाहेरून दिसत नाही. सोन्याचा संशय आला की ती ढेकूळ फोडून बघायची. पण चुंबकाला चिकटलेलं ढेकूळ तिनं आयुष्यात फोडलं नव्हतं. लोखंडावर हातोडी कशाला झिजवायची.

आता ती एकेक फोडू लागली. हलका फटका, वळवून दुसरा. नट. नट. कुलूप. कशाचा तरी दांडा. फिटर समोर उकिडवा बसला होता, प्रत्येक वेळी मान पुढे काढत होता आणि परत मागे घेत होता. ढीग अर्धा झाला. मग पाव हिस्सा राहिला. जावई मधेच म्हणाला, "आई, समजा नसलं, तरी त्याचा अर्थ..."

मुलगी गाडीपाशी उभी होती. ती पोटाला हात लावून सावकाश आली, एक उलटा डबा ओढून त्यावर बसली आणि ढिगातलं एक ढेकूळ उचलून आईच्या हातात दिलं. मग दुसरं. तिच्या बोटांना गंज लागला. ती देत राहिली.

तिनं दिलेलं सातवं की आठवं असेल. अंजिराएवढं, मध्ये बुजलेलं भोक. पहिल्या फटक्याला कवच निघालं नाही. दुसऱ्याला एक खपली उडाली. आत खोबण होती, आणि खोबणीत केसापेक्षा जरा जाड, लाल रेघ.

तिची हातोडी थांबली. तिनं अंगठ्यानं माती पुसली. लाल रेघ पुढे गेली, कडेनं वळली, हिरवी झाली, परत लाल झाली.

"भाऊजी."

फिटरनं ते हातात घेतलं. त्यानं अंगठी नुसती फिरवली, एका जागी थांबवली. तारेची दोन टोकं तिथे भेटत होती, तिरपी, एकावर एक.

"घाईत होतो," तो म्हणाला. "सरळ कापली नाही. त्याला म्हटलं होतं, उद्या नीट करून देतो." आणि तो तिथेच सिमेंटवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून.

क्रेनवाल्यानं इंजिन बंद केलं. अंगणात एकदम खूप जागा झाली.

चुंबकबाईला आता आठवलं. पिंप नव्हतं आठवत, पण हे आठवलं. चौथा हिवाळा. बोटं बधिर. यंत्र ओरडलं, तिनं खणलं, ढेकूळ काढलं, त्यातलं भोक बघून स्वतःशीच म्हणाली, बेअरिंग. चुंबक लावला. चिकटलं. पिशवीत टाकलं. तेवढंच. त्यानंतर पाच वर्षं ती रोज जिन्यावरून वर-खाली करत होती.

"कुठे सापडलं होतं हे?" मुलीनं विचारलं.

"धक्क्याच्या तिसऱ्या खांबापाशी."

"आपल्या बाजूच्या?"

"आपल्याच."

मुलीनं डाव्या हातानं आईचा दंड धरला होता, घट्ट, धक्क्यावरून उतरताना धरतात तसा. तिसऱ्या खांबापासून पायऱ्या वीस पावलांवर होत्या. लहानपणी ती त्याच पायऱ्यांवर बसून बाबांची लाँच बघायची.

"म्हणजे पोचलेच होते," ती म्हणाली.

चुंबकबाईनं फिटरच्या हातून अंगठी घेतली. सवयीनं, किंवा कशानं ते तिला सांगता आलं नसतं, तिनं ती गळ्यातल्या चुंबकाला लावली. अंगठी चिकटली. तिनं हात सोडला, तरी ती तिथेच राहिली, छातीशी.

"मला दे ना," मुलगी म्हणाली.

"तूच घे."

मुलीनं दोन बोटांनी ओढली. निघेना. मग तिनं दुसरा हातही लावला आणि आईच्या खांद्याला रेटा देऊन ती सोडवून घेतली.